कढीपत्त्याची आवक-जावक

बसा. चहा होतोय तोवर सांगतो, कारण हे प्रकरण उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. तुमच्याकडे कढीपत्त्याचं झाड असेल तर पुढचं सगळं तुम्हाला पाठच आहे. नसेल, तर माझा चहा संपेपर्यंत थांबा आणि मग लावायचं की नाही ते ठरवा.

मी ३१ वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात काढली. निवृत्तीनंतर नाशकात तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तो केवळ मागच्या जागेसाठी. जागा म्हणजे साडेचार फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशी एक पट्टी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव होऊन, दोन सभासदांच्या लेखी हरकतींसह, ती मला वापरायला मंजूर झाली. तिथे मी एक कढीपत्ता लावला, एक कागदी लिंबू, चार लिली आणि थंडीसाठी मुळा-मोहरीचा एक वाफा. झाली शेती. सातबारावर नाव नाही, कर्ज नाही, त्यामुळे माफीही नाही.

कढीपत्ता गुडघ्याएवढा झाला तेव्हा मी एक वही घातली. सवय जात नाही. डावीकडे आवक, म्हणजे नवी फुटलेली पानं. उजवीकडे जावक, म्हणजे फोडणीसाठी तोडलेली. जूनअखेर हिशेब चोख जुळत होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जावकीच्या बाजूला तफावत आढळली. मी घरी चौकशी केली. "मी काय कढीपत्ता चोरून खाते का?" असं उत्तर मिळालं. ते मी नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कोवळ्या पानावर चिमणीची शीट दिसली. मी स्वच्छतेचा माणूस, ओल्या फडक्याने पुसायला गेलो. शीट सरकली.

आता मला सांगा, अशा प्रसंगी माणसाने काय करावं? मी दोन पावलं मागे झालो आणि चष्मा पुसला. शीट पुन्हा सरकली, पानाच्या कडेला गेली आणि खायला लागली. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी अशीच दिसते, काळपट तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा. हेतू असा, की ज्या पाखराने तिला खायचं, त्याने आपल्याच कुळाची घाण समजून तोंड फिरवावं. जबाबदारी टाळण्याचे पुष्कळ प्रकार मी नोकरीत पाहिले. फाईल साहेबांकडे आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, दौऱ्याची फाईल माझ्याकडे नाही. पण त्यासाठी इतक्या खालच्या थराला गेलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

चार-दोन वेळा कात टाकून झाली की तीच अळी अंगाने गुबगुबीत आणि हिरवीगार होते, पानाच्या रंगात रंग मिळवून बसते. खरं खाणं या हिरव्या वयातच. लहानपणी एखाद्या पानाची कड कुरतडण्यावर भागतं. शेवटच्या टप्प्यात मात्र डहाळीच्या डहाळी सफाचट. मधली शीरसुद्धा ठेवत नाही. मी काडीने तिला किंचित ढोसलं, केवळ समज देण्याच्या उद्देशाने. तर डोक्यामागून दोन फाट्यांचं लालसर ओलं शिंग बाहेर आलं आणि सडक्या संत्र्याच्या सालीसारखा आंबूस वास सुटला. माझी जागा, माझं झाड, माझीच पानं खाऊन अंगात आणलेली ताकद, आणि शिंग माझ्यावर!

मी चिमटा आणला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, की माझा विचार कारवाईचाच होता. पण चिमटा आणि अळी यांच्यात चार बोटांचं अंतर असताना मागून आमच्या नातीचा आवाज आला.

"आबा! ती फुलपाखरू होणारे!"

संपलं. या एका वाक्यापुढे माझ्या बाजूचा सगळा युक्तिवाद गारद झाला. आतून सौ. आल्या, सूनबाई आल्या, वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकल्या. मी चिमट्यासह रंगेहाथ. पुढे कोण काय होणार यावर आज त्याला खाऊ घालायचं, हा न्याय मला नोकरीत कधी लागू झाला नाही. मीही अवर सचिव होणारच होतो. कुणी पानं आणून दिली?

त्याच संध्याकाळी अळीला लोणच्याच्या बरणीत सन्मानाने हलवण्यात आलं. तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. शाळेत परिसर अभ्यासात फुलपाखराचं जीवनचक्र होतं, त्याचा हा प्रकल्प. माझी नेमणूक पुरवठा अधिकारी म्हणून झाली, विनावेतन. रोज सकाळी कोवळी पानं तोडायची, धुवायची, पुसायची आणि बरणीत ठेवायची. मी सुचवलं की अळीला बाजारातला कढीपत्ता आणू. त्यावर आठ वर्षांच्या त्या मुलीने माझ्याकडे असं काही पाहिलं, की तशी नजर मला ऑडिटवाल्यांनीही कधी दिली नाही. "आबा, बाजारातल्यावर औषध मारलेलं असतं. मरेल ना ती!"

म्हणजे अळीला घरचा, बिनऔषधी, दवात भिजलेला कढीपत्ता. आणि माझ्या पोह्यांत बाजारातला. ही व्यवस्था तीन आठवडे चालली आणि घरात एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. पूर्वी कोथिंबिरीची जुडी घेतली की कढीपत्त्याची काडी वर मिळायची, न मागता. भाजीवाल्या मावशी ती पिशवीत टाकायच्या आणि वर "राहू द्या हो" म्हणायच्या. आता तो काटेकोर वेगळा बांधून, वेगळ्या पैशाने विकतात. मागितला तर मावशी म्हणतात, "तुमच्याकडं झाड हाये ना, काका?" झाड आहे हे त्यांना कळलंय. ते मी कुणासाठी राखतोय हे अजून कळलेलं नाही.

आणि कढीपत्ता हा असा पदार्थ आहे की त्यावाचून फोडणीचं पान हलत नाही, पण ताटात आला की जो तो बोटाने कडेला सारतो. आमचे चिरंजीव तर ताटाच्या काठावर त्याची रांगच लावतात, हजेरीला उभी केल्यासारखी. माझ्या घरात आजवर ज्याने कढीपत्ता शेवटच्या शिरेपर्यंत मनापासून खाल्ला असा जीव एकच निघाला, आणि तो बरणीत होता. या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं नाही. माझी बाजू कमकुवत होते.

सप्टेंबरात लिंबाच्या झाडावर तशीच पण अंगाने दुप्पट अळी दिसली. शहाणपण येऊन मी चिमटा आणलाच नाही. फोटो काढून पुतण्याला पाठवला. तो शेतकी कॉलेजात शिकलेला आहे. त्याचं उत्तर आलं, "काका, अभिनंदन! बहुतेक ब्लू मॉर्मन आहे." म्हणजे राणी पाकोळी, काही लोक नीलवंत म्हणतात. काळ्या मखमली पंखांवर निळ्या शाईचे फराटे असलेलं, तळहाताएवढं. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तिला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आणि असा दर्जा देणारं आपलं राज्य देशात पहिलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ती बातमी मी त्या वेळी मोठ्याने वाचून दाखवली होती आणि "वा, चांगलं केलं" असंही म्हणालो होतो. राज्य फुलपाखरू लिंबाच्या कुळातल्या झाडांवर पोसलं जातं, आणि त्याच्या पोषणाची तरतूद माझ्या साडेचार बाय अकरात होणार आहे, हे त्या बातमीत कुठेच नव्हतं.

बघा, शेकरू आपला राज्यप्राणी. तो भीमाशंकरच्या रानात असतो, कुणाच्या गॅलरीत येऊन फुटाणे मागत नाही. हरियाल राज्यपक्षी, तो वडा-पिंपळाची फळं खातो. तामण राज्यपुष्प, ते काहीच खात नाही. आंबा राज्यवृक्ष, तो उलट देतो. या सगळ्या यादीत फक्त एकालाच माझ्या लिंबाची पानं लागतात. आणि मी ३१ वर्षं शासनाचं मीठ खाल्लेला माणूस. राज्य फुलपाखराला, मग ते भले अळी अवस्थेत का असेना, मी हात कसा लावणार? निवृत्तिवेतन चालू आहे अजून.

लिंबाची सोळा पानं जावक. शेरा: शासकीय कामासाठी.

लिलींचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय मला अजून सहन होत नाही. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, तांबडे-पिवळे डाग, अशा अळ्या एका रात्रीत आल्या आणि दोन दिवसांत गेल्या. त्यांच्याबरोबर लिलीही गेल्या. कांदे आहेत जमिनीत. पुढचं पुढे.

या सगळ्यातून मला एकच आशा होती, ती मुळ्या-मोहरीच्या वाफ्याची. ऑक्टोबरात बी टाकलं. दोन-दोन पानं वर आली. दिवाळीच्या तोंडावर पाहतो तो पानांना छर्रे मारल्यासारखी भोकं. खाली वाकलो तर काळपट, सुरकुतलेल्या अंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. खरं सांगू? मला आनंद झाला. या अळ्या दिसायला कुरूप होत्या. यांच्यासाठी कुणी गॅलरीतून वाकणार नव्हतं. मी नातीला मुद्दाम बोलावून दाखवल्या. तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, "ई!" ही मी लेखी परवानगी समजलो.

माझ्याकडे बीटीची पूड होती. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हे मी आता न अडखळता म्हणू शकतो. जंतूंचीच पूड असते, पाण्यात कालवून पानांवर फवारायची. अळीने पान खाल्लं की पोटात जाऊन काम करते, बाकी कुणाला त्रास नाही. कढीपत्त्यासाठी आणली होती आणि बरणी प्रकरणानंतर कपाटात पडून होती. मी ती दोनदा फवारली. अळ्यांनी दोन्ही वेळा फवारलेली पानं खाल्ली आणि आणखी मागवली, असं म्हणायला हरकत नाही.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, पाय मोजले का?"

मी म्हणालो, "कुणाचे?"

तर असं आहे, की फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला छातीशी तीन जोड्या खरे पाय आणि पोटाखाली फार तर पाच जोड्या मांसल पाय. एकूण सोळाच्या वर जात नाहीत. पोटाखाली सहा किंवा त्याहून जास्त जोड्या भरल्या, तर ती त्या कुळातली अळीच नव्हे, ती सॉफ्लाय. मोहरीवरच्या सॉफ्लायला आठ जोड्या असतात, म्हणजे सगळे मिळून बावीस पाय. शेतकरी तिला नुसतं काळी अळी म्हणतात आणि पाय मोजत बसत नाहीत. आणि माझी बीटीची पूड फक्त सोळा पायांपर्यंतच चालते. बावीस पायांचा अर्ज तिच्या कार्यक्षेत्रात येत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कानटोपी घालून, चष्म्यावर भिंग धरून मी वाफ्याशेजारी बसलो. या अळ्या सकाळ-संध्याकाळ खातात आणि उन्हं चढली की दडून बसतात, त्यामुळे कार्यालयीन वेळेत भेटण्याचा प्रश्नच नाही. पहिल्या अळीचे चौदा पाय मोजून झाले आणि भिंगाचा पानाला धक्का लागला. तिने अंगाचं वेटोळं केलं, टपकन खाली पडली आणि मेली. निदान तसं दाखवलं. दुसरी दहाव्या पायाला मेली. तिसऱ्या अळीच्या वेळी मी श्वास रोखून धरला आणि बावीस भरले. त्या आनंदात शिंकलो, तर अख्खा वाफा मेला. जनगणनेच्या कामावर मी एकदा होतो. माणसं दार लावून घेतात, कुत्रं सोडतात, पण मोजताना कुणी मेल्याचं सोंग केल्याचं मला आठवत नाही. पाच मिनिटांनी सगळ्या उठून खायला लागल्या.

फुलपाखराच्या अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक डोळ्यांचा पुंजका असतो. हिला एका बाजूला एकच डोळा, काळा, टपोरा. त्या एका डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती. त्यात पश्चात्ताप नव्हता.

मादीचं तर विचारूच नका. नारिंगी अंग, धुरकट पंख, दिसायला गरीब. पण पोटाच्या टोकाला करवत असते. खरोखरची, दातेरी. त्या करवतीने पानाच्या कडेला चीर पाडते आणि आत अंडं सरकवून देते. म्हणजे अतिक्रमण, तेही पानाच्या आत. नावात 'फ्लाय' आहे, पण ही घरमाशीच्या कुळातली नव्हे. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी यांच्या गणातली. मराठीने तर आधीच सरसकट सगळ्यांना माशी म्हणून ठेवलंय, त्यामुळे तक्रार नेमकी कुणाच्या नावे करायची हाच पहिला पेच. कारल्याच्या बियांचं तेल पाण्यात कालवून फवारलं की ती खाणं सोडते, असं पुतण्याच्या अभ्यासक्रमात होतं. कारलं समोर आलं की मीही खाणं सोडतो. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत आहे. पण कारल्याच्या बियांचं तेल आमच्या वाण्याकडे नाही. मी मागितलं तेव्हा त्याने माझ्या शुगरची चौकशी केली.

शेवटी उरला साधा मार्ग. साबणाच्या पाण्याचं भांडं पानाखाली धरायचं आणि पान हलवायचं. मरण्याचं नाटक करायला त्या टपाटप खाली पडतात, आणि खाली भांडं असतं. ही योजना माझी स्वतःची, आणि तिचा मला अभिमान आहे. उरलेल्या पानांवर झारीने निंबोळी अर्काचं पाणी शिंपडायचं होतं. झारी घ्यायला गेलो तर झारीवर चिठ्ठी: 'हात लाऊ नये.' ऱ्हस्व-दीर्घाकडे मी दुर्लक्ष केलं.

झालं होतं असं. बरणीतली पहिली अळी ऑगस्टात फुलपाखरू होऊन उडाली होती. पण त्यानंतरही कढीपत्त्यावर तिचे भाऊबंद येतच होते. ही अळी कोष करायच्या वेळी बहुधा झाड सोडून चालू लागते आणि सोयीची जागा शोधते. माझ्या अकरा फुटांत भिंत होती, कुंपण होतं, पाइप होता. त्यांतल्या एकीने माझी झारी निवडली. मुठीच्या आतल्या बाजूला, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून, खांब रंगवणाऱ्या माणसासारखी रेलून बसली होती. नातीने झारी जप्त केली. मी विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "आठ-दहा. थंडी असली तर जास्त." आणि तेवढे दिवस मी मुळ्याला तांब्याने पाणी घातलं. ओंजळीने म्हणा. पूर्वज अर्घ्य द्यायचे तसं.

दहा दिवस गेले. बारा गेले. कोष तपकिरी पडला. घरात आवाज खाली आले. "कुणी झारी हलवली का?" असं जेवताना कुणालाही न उद्देशून विचारलं गेलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिमट्याची जुनी नोंद होतीच. मी शपथेवर सांगतो, मी त्या झारीच्या तीन फुटांच्या आत गेलो नव्हतो.

पंधराव्या दिवशी कोषाला टाचणीएवढं भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी राईच्या दाण्याहून बारीक, चकचकीत गांधीलमाश्या बाहेर आल्या. एक, दोन, पाच. मी तीसपर्यंत मोजल्या. त्यांच्या आईने कोष ताजा असतानाच आत अंडी घालून ठेवली होती. माझं निर्दोषत्व इतक्या जणांनी एकाच वेळी सिद्ध करावं, असा प्रसंग आयुष्यात दुसरा नाही. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, या तुमच्या मुळ्यावरच्या सॉफ्लायच्या दूरच्या नातेवाईक बरं का." म्हणजे एका शाखेने माझा मुळा खाल्ला आणि दुसरीने मला आरोपी केलं.

कुणी माफी मागितली नाही. सौ.नी एवढंच म्हटलं, "तुम्ही झारी सावलीत ठेवली असती तर..."

वही मी मार्चअखेर बंद केली. कढीपत्ता, आवक ४१२, जावक ३९७. पैकी फोडणीसाठी ३८. मुळा, नग ३, त्यांतला एक वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिला, गॅलरीतून वाकणं कमी व्हावं म्हणून. वही तपासायला कुणी येणार नाही हे मला माहीत आहे. तरी शिक्का मारला.

यंदा मी पाऊस लागायच्या आधी कुंडीत हळद लावली. हळदीला कोण तोंड लावतंय, असा हिशेब. चांगली हातभर पानं आली आहेत, रुंद, चकचकीत. काल संध्याकाळी त्यांतलं एक पान कडेपासून आत, विडा बांधावा तसं नीट गुंडाळलेलं दिसलं. आत काहीतरी आहे.

मी उलगडून पाहिलेलं नाही. नात साडेचारला शाळेतून येते. साखर बरोबर आहे ना चहात?